गाडी मॉडिफाय करायच्या आधी ती एकदा स्टॉकला, म्हणजे कंपनीतून निघाली तशी, आणा (लोगन डिझेल, एमएच १५)

लोगनवाला_१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, गेल्या रविवारी एक गोष्ट झाली म्हणून आज बसलोच लिहायला.

गंगापूर रोडला मिसळ खायला जमलो होतो आम्ही, आठ-नऊ गाड्या होत्या. त्यात एक नवीन पोरगा आला होता, नुकतीच सेकंडहँड हॅचबॅक घेतलेली, आणि आल्या आल्या विचारायला लागला की लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे आखूड स्प्रिंग) नाशिकमध्ये कुठे टाकून मिळतील. म्हटलं का रे, तर म्हणे वळणावर गाडी फार झुलते आणि ब्रेक मारला की नाक खाली जातं. मी उठलो, त्याच्या गाडीचा पुढचा कोपरा जोरात दाबला आणि सोडला, तर गाडी तीनदा वरखाली झाली. चांगल्या शॉकअपची (शॉक ॲब्सॉर्बर) गाडी एकदा वर येते आणि थांबते. म्हणजे त्याचे शॉकअप संपलेत. आणि हा मुलगा त्याच संपलेल्या शॉकअपवर आखूड आणि कडक स्प्रिंग बसवायला निघाला होता, म्हणजे जी गोष्ट स्प्रिंगला आवरते तीच नाही आणि वर स्प्रिंग अजून कडक!

मला त्याच्यात बारा वर्षांपूर्वीचा मी दिसलो म्हणून हा धागा.

माझी गाडी २००९ ची लोगन, १.५ डिझेल. महिंद्रा आणि रेनॉने मिळून काढलेली, २००७ ला आली, आणि बनायची कुठे तर आपल्या नाशिकच्याच प्लांटमध्ये. पुढे रेनॉ बाहेर पडली आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो नावाने विकली. माझे वडील मायकोत होते (२००८ पासून बॉश, पण घरात अजून मायकोच म्हणतात), त्यामुळे डिझेलचं पंप-नोझल हा विषय आमच्याकडे जेवताना निघायचा. मी ही गाडी २०१३ ला दुसऱ्या हाताने घेतली, आज २ लाख १४ हजार किलोमीटर झालेत. दिसायला डबा आहे असं लोक म्हणतात. मला ती सुंदर वाटते. काच जवळजवळ सरळ, दोन्ही बाजूचे आरसे एकाच साच्यातले, कुठे उगाच खर्च केलेला नाही आणि जिथे करायला पाहिजे तिथे केलाय, म्हणजे सस्पेंशनमध्ये. पेठ रोडला सावळघाटात खराब पॅचवरून ही गाडी ज्या शांतपणे जाते ते अनुभवल्याशिवाय कळत नाही.

आणि घेतल्यावर पहिल्या दोन वर्षांत मी तिचं काय केलं ते सांगतो. एक, १४ इंची रिम काढून १६ इंची अलॉय टाकले, २०५/४५ टायर. दुसरं, हेडलाइटला १००/९० वॉटचे बल्ब, तेही ओरिजिनल वायरिंगवरच. तिसरं, काचांना फिल्म. चौथं, पुढे बुल बार (बंपरपुढचा लोखंडी सांगाडा) नाही पण तसलाच एक पाइप.

टायरचं गणित मी नंतर कागदावर केलं, आधी करायला पाहिजे होतं. कंपनीचा साइज १८५/७० आर १४ (रुंदी १८५ मिमी, रबराची भिंत रुंदीच्या ७० टक्के, रिम १४ इंच). म्हणजे रिम ३५५.६ मिमी आणि वर-खाली मिळून रबर २५९ मिमी, एकूण उंची ६१४.६ मिमी. माझ्या अलॉयवाल्याची एकूण उंची ५९०.९. म्हणजे चाक जवळजवळ ४ टक्के लहान झालं आणि गाडी १२ मिमी खाली बसली. मला वाटलं ॲव्हरेज वाढलं, सगळ्यांना सांगत पण होतो. ॲव्हरेज वाढलंच नव्हतं, ओडोमीटर ४ टक्के जास्त मोजत होता. रबराची भिंत १३० मिमीवरून ९२ वर आली त्यामुळे द्वारका सर्कलजवळच्या एका खड्ड्यात रिम वाकली, आणि जी गाडी मी तिच्या मऊ चालीसाठी घेतली होती तिची चाल मीच घालवली.

बल्बचं तर घोटीजवळ रात्री होल्डर वितळला. डावा दिवा बंद, उजवा पिवळट, पाऊस, आणि बायको-मुलगी गाडीत. तो तासभर मी विसरलेलो नाही.

त्यानंतर आमच्या मिस्त्रींनी (नाव देत नाही, त्यांना आवडत नाही) एक वाक्य ऐकवलं, "आधी गाडी जशी कंपनीतून निघाली तशी करा, मग काय कमी वाटतं ते मला सांगा." मग चार महिने लावून तेच केलं. चारही शॉकअप, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, इंजिनचे फाउंडेशन (तीनपैकी दोन बसले होते, त्यामुळे गाडी थरथरायची आणि मी ते 'डिझेल आहे, चालायचंच' म्हणून सोडून दिलेलं), ब्रेक फ्लुइड, टायमिंग बेल्ट, हीटर प्लग, आणि परत १८५/७० आर १४. पुढचा पाइपही काढला. बेल्टबद्दल एक सांगतो, हे १.५ डिझेल इंजिन चेनचं नाही, बेल्टचं आहे, आणि बेल्ट किलोमीटरवर जसा संपतो तसा वर्षांवर पण संपतो. गाडी कमी चालते म्हणून बेल्ट ठेवू नका, तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. सगळं मिळून माझे ३८ हजार गेले. अलॉय आणि त्याच्या टायरला त्याहून जास्त घातले होते.

मग पहिल्यांदा कसारा घाट उतरलो. खरं सांगतो, गाडी बदलून दिल्यासारखी वाटली. जी झुलते म्हणून मी तिला कडक करायला निघालो होतो ती मुळात झुलणारी गाडीच नव्हती.

तर माझं म्हणणं एवढंच की आपण ज्या तक्रारीसाठी मॉडिफिकेशन करतो त्यातल्या बऱ्याचशा तक्रारी म्हणजे संपलेला पार्ट असतो. तुमचे अनुभव लिहा, आणि पटत नसेल तर तेही लिहा.

सिडकोकर

+१. दादा अगदी मनातलं लिहिलंत. माझी २००४ ची स्कॉर्पिओ, २.६ टर्बोवाली, पहिल्या पिढीची. हीसुद्धा आपल्या नाशिकचीच. २००२ ला स्कॉर्पिओ आली तेव्हा मी कॉलेजला होतो, त्र्यंबक रोडला ट्रायल प्लेट लावलेल्या गाड्या दिसायच्या आणि आम्ही सायकली थांबवून बघायचो. तिच्यावर लोकांनी काय काय लावलंय बघतो आणि त्रास होतो.

एक प्रश्न, तो पाइप का काढलात? माझ्या गाडीला आधीच्या मालकाने लावलेला बुल बार अजून आहे. गुरांसाठी बरा पडतो, दिंडोरी साइडला शेत आहे आमचं.

लोगनवाला_१५

सिडकोकर, काढा तो, आजच काढा. कायद्याचं नंतर बघू, आधी कारण सांगतो. गाडीचा पुढचा भाग आपटल्यावर चेपावा म्हणून बनवलेला असतो, चेपताना तो धक्का खातो. बुल बार थेट चासीला बोल्ट केलेला असतो, तो धक्का खात नाही, आत पाठवतो. एअरबॅगवाली गाडी असेल तर सेन्सरचा सगळा हिशोब बिघडतो. आणि समोर माणूस आला तर प्लास्टिकच्या बंपरऐवजी लोखंड त्याच्या मांडीला किंवा लहान मुलाच्या डोक्याला लागतं. मी हे वाचलं त्या दिवशी स्वतः पाना घेऊन बसलो.

केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करा म्हणून कळवलेलं आहे. त्यापलीकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसीवर निर्मात्याने दिलेली जी माहिती आहे तिच्याशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पण हेच ठरवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड प्रत्येक बदलामागे ५ हजार किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द लक्षात ठेवा.

फिल्मचं पण तसंच. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. काच मुळातच पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आत सोडणारी पाहिजे. मी काढली आणि रात्री डावीकडचा सायकलवाला दिसायला लागला.

थार_आणि_घाट

थोडा असहमत. सगळं स्टॉक म्हणजे सगळं चांगलं असं नसतं ना. कंपनी पण खर्च वाचवते. माझ्या थारला मी मोठे टायर टाकलेत आणि मला त्याचा फायदा होतो, हरिहरच्या पायथ्याकडे, इगतपुरीच्या मागच्या कच्च्या रस्त्यांना, पावसाळ्यात भातखाचरांच्या बाजूने. हौस पण असते हो माणसाला. गाडी म्हणजे फक्त मीटरचं गणित नाही.

लोगनवाला_१५

हौस असलीच पाहिजे, हौस नसती तर मी पंधरा-सोळा वर्षं जुनी सेदान सांभाळत बसलो नसतो. तुमच्या वापराला मोठे टायर लागत असतील तर तुमचं बरोबर आहे, तुम्ही खरंच चिखलात जाता. माझं भांडण कॉलेज रोडला उभ्या राहणाऱ्या मड टायरशी आहे. फक्त दोन गोष्टी बघा. टायर जड झाला की ब्रेक तेवढेच राहतात आणि थांबवायचं वजन वाढतं, आणि चाक ५ टक्के मोठं असेल तर मीटरवर १०० दिसताना तुम्ही १०५ ला असता.

आणि कंपनी खर्च वाचवते हे मान्यच. माझ्या लोगनला पण मी आज एक गोष्ट बदलून ठेवलीये. ती म्हणजे हेडलाइटचं रिले वायरिंग. बल्ब साधाच, ६०/५५ वॉटचा एच ४, पण करंट आता स्विचमधून न जाता बॅटरीवरून जाड वायरने रिलेतून थेट जातो. याचा फरक किती पडतो ते ऐका, हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण ३० टक्के कमी होतो. जुन्या गाडीत वायर, स्विच, अर्थिंगचा गंज यात तेवढं व्होल्टेज सहज मरतं. म्हणजे मी १०० वॉटचा बल्ब लावत होतो आणि मुळात ५५ वॉटला त्याचं पोट भरेल एवढंही मिळत नव्हतं. सोबत पिवळी पडलेली हेडलाइटची काच पॉलिश करून घेतली. जुलैत कसाऱ्याच्या धुक्यात हा लो बीम मला पुरतो.

रिफ्लेक्टरच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब मात्र टाकू नका कोणी, हात जोडून सांगतो. रिफ्लेक्टरचा आकार फिलामेंट नेमकी कुठे आहे त्यावर बेतलेला असतो, एलईडीची चिप त्या जागी त्या आकाराची नसते, मग उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यात जातो. चांदवडकडून रात्री येताना समोरून अशा गाड्या येतात तेव्हा काही सेकंद अक्षरशः काही दिसत नाही.

अजून एक बदल करायचा होता, मागे तीन पॉइंटचा सीटबेल्ट मधल्या सीटला हवा होता, तो होऊ शकला नाही. म्हणून मध्ये कोणाला बसवतच नाही. चार माणसं.

स्विफ्ट_७५

दादा रिमॅपबद्दल (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला मॅप बदलून ताकद वाढवणं) काय मत? माझी स्विफ्ट डिझेल, १.३, ७५ पीएस, १९० न्यूटन मीटर. कागदावर दोन तासात २०-२५ टक्के वाढवून देतो म्हणतात. गाडी १ लाख ४० हजार झालीये, हल्ली चढाला ओढत नाही म्हणून विचार चालू आहे.

लोगनवाला_१५

"हल्ली ओढत नाही" यात उत्तर आहे भाऊ. आधी ओढत होती ना? मग मॅप नाही बिघडलेला, काहीतरी संपलंय. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बघ, टर्बोच्या होजला कुठे चीर आहे का बघ (तेलकट डाग दिसतो), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरलाय का बघ, आणि नोझल काढून टेस्ट बेंचवर लाव. नाशिकमध्ये नोझलचं काम करणारी जुनी माणसं आहेत, हे आपल्या गावाचं भाग्य आहे, सातपूर-अंबडला विचारत गेलास तर सापडतील. मायकोमुळे हे कसब इथे दोन-तीन पिढ्या आहे. बसून बघ त्यांच्याजवळ, नोझलचा फवारा सगळ्या भोकांतून सारखा येतो की थेंब पडतो ते डोळ्याने दिसतं.

आणि १ लाख ४० हजारावर क्लच प्लेट मूळचीच असेल तर रिमॅप केल्यावर ती पहिली घसरेल. शिवाय विम्यावाल्याला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. सगळं नीट करून झाल्यावरही कमी वाटलं तर तेव्हा बोलू, मी तुला अडवणार नाही.

इंदिरानगरची

मी इथे वाचक आहे नेहमी, पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही नवीन गाडी घेतोय. अहोंचं म्हणणं डिझेल एसयूव्हीच पाहिजे. माझं रोजचं ऑफिस अंबडला, जाऊन येऊन १२ किमी, आणि महिन्यातून एकदा पुण्याला सासरी. काय घ्यावं?

लोगनवाला_१५

ताई, मी जन्मभराचा डिझेलवाला, तरी तुम्हाला सांगतो, डिझेल नका घेऊ. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ असतो, तो काजळी धरून ठेवतो आणि नंतर स्वतःला जाळून साफ करतो. ते जळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, म्हणजे गाडी एका दमात पंधरा-वीस मिनिटं चांगल्या वेगाने चालली पाहिजे. तुमचं रोजचं ६ किमी, त्यात सिग्नल आणि रस्त्याची कामं. इंजिन तापेपर्यंत ऑफिस आलेलं असेल. महिन्यातून एक पुण्याची चक्कर त्याला पुरेल असं मला वाटत नाही. पेट्रोल घ्या, साधं, टर्बो नसलेलं चालेल, आणि वाचलेल्या पैशात चांगले टायर आणि दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड.

कंपनीतून सीएनजी बसवलेली पण बघा तुमच्या वापराला. बऱ्याच गाड्यांत डिकी जाते आणि सिलेंडरची दर ३ वर्षांनी टेस्ट करावी लागते, ती टाळायची नाही.

ओझरकर

ब्रेक फ्लुइडचं जरा सविस्तर लिहा ना, त्याबद्दल मिस्त्री कधी बोलतच नाहीत. आणि समृद्धीबद्दल पण.

लोगनवाला_१५

बरं झालं विचारलंत. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, डबा बंद असला तरी हळूहळू. डॉट ४ नवीन असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. आता सप्तशृंगी गडावरून नांदुरीचा घाट चार माणसं आणि सामान घेऊन सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर कॅलिपर किती तापेल विचार करा. फ्लुइड उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, पॅडल स्पंजसारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दोन उपाय, दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायचं आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचा. न्यूट्रलमध्ये उतरणारे लोक अजून आहेत, माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्याशी मी वाद घालतो आणि घालत राहणार.

समृद्धी ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन पूर्ण ७०१ किमी झाला. आपल्याला आता भरवीर किंवा इगतपुरीवरून चढता येतं. रस्ता सिमेंटचा, सरळ, आणि कारला १२० ची मर्यादा. इतका वेळ सलग १२० ने चालवायची आपल्या गाड्यांना आणि आपल्यालाही सवय नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर भिंत सतत वाकते, गरम होते आणि उन्हाळ्यात फुटते. लोक उलटं करतात, उन्हात टायर फुटेल म्हणून हवा कमी भरतात. दाराच्या कडेला स्टिकर आहे त्यावर जेवढी लिहिली तेवढी भरा, सकाळी थंड टायरला. वाटेत गरम टायरला मोजली तर आकडा जास्त दिसणारच, ती हवा सोडू नका.

आणि टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात ते वाचायला शिका. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी असला टायर घेऊन मी समृद्धीवर जाणार नाही. सेकंडहँड गाडी बघायला जाताना सगळ्यात आधी मी हेच बघतो, पाचही टायरचं. स्टेपनी धरून.

सिडकोकर

बुल बार काढला. मिस्त्रीकडे गेलो तेव्हा कळलं की त्याच्या वजनाने पुढच्या दोन बोल्टची भोकं मोठी झाली होती. समोरून गाडी मोकळी दिसतेय. फोटो टाकतो संध्याकाळी.

एक विचारायचं होतं, पुढच्या वर्षी परत पासिंग आहे. खर्च करू का विकू? पर्यावरण कर, पासिंगची फी, घरचे म्हणतात स्क्रॅप कर.

लोगनवाला_१५

खूप आनंद झाला वाचून.

१५ वर्षांवरच्या कारच्या रिन्यूअलची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार केली, २० वर्षांवरच्या कारची ऑगस्ट २०२५ पासून १० हजार, त्यावर आपल्याकडे पर्यावरण कर. तो खर्च आहेच. पण निर्णय त्यावर घेऊ नका, चासीवर घ्या. गाडी लिफ्टवर घ्या आणि हातोडीच्या दांड्याने खालून ठोकत जा. आवाज टणक आला तर गाडी ठेवा, भुसभुशीत आला, पत्रा आत गेला, तर भावनेत अडकू नका कारण तिच्यात तुमची मुलं बसतात. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं होतं नाशिकमध्ये. गंजलेल्या चासीचं काही होत नाही.

माझी लोगन २००९ ची, मी गेल्याच वर्षी पेठ रोडला नेऊन पासिंग करून आणली. पार्ट मिळतात, व्हेरिटोचे तर मिळतातच आणि इंजिनचे काही डस्टर आणि सनी डिझेलचे पण लागतात कारण घराणं एकच. मुलगी आता लायसन्सच्या वयाला आली, तिला मी याच गाडीवर शिकवतोय. टायर बदलायला पण शिकवलं.

पाथर्डीफाटा

काका, मी तोच, मिसळवाला. धागा सगळा वाचला. आज शॉकअप दाखवले, पुढचे दोन्ही लीक होते, तेल बाहेर आलेलं. लिंक रॉड पण डावीकडचा पूर्ण खेळत होता. पुढचे शॉकअप आणि लिंक रॉड जोडी बदलली, अलाइनमेंट केलं. विल्होळीपर्यंत चक्कर मारून आलो. वळणावर झुलणं गेलं आणि एक टक टक आवाज यायचा तो पण गेला, मला वाटायचं तो डॅशबोर्डचा आहे. स्प्रिंगची ऑर्डर रद्द केली.

मागचे शॉकअप पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर केले तर चालतील का?

लोगनवाला_१५

चालतील, पण तोपर्यंत भरलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नकोस आणि मागचे दोन्ही एकदमच बदल, एकच नको. जुने शॉकअप दुकानात सोडून आला नाहीस ना? घेऊन ये रविवारी, त्यातला एक हाताने दाबून सगळ्यांना दाखवू.